बावीस मिलिव्होल्ट

“आधी तारांना पीळ दे. अशा मोकळ्या सोडू नको.”

“त्यानं काय होतं चाचा?”

“दोन तारा एकमेकींपासनं लांब पडल्या की भलतंच ऐकतात. शेजारच्या घरातलं भांडण आपल्या घरात आणतात. बायकांचं सांगत न्हाई हां, तारांचं सांगतोय.”

जोडणीच्या टेबलावरच्या बायका खुदकन हसल्या. मीही हसले. दस्तगीरचाचांनी माझ्या हातातल्या दोन तारा घेतल्या, वेणी घालावी तशा एकमेकींत गुंडाळल्या आणि हेडफोनला जोडल्या. मग डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून, ते पेटीचा कानोसा घेत बसले. सबंध मिनिटभर. शेवटी पेटीच्या पाठीवर खडूनं एक रेघ ओढली. रेघ म्हणजे पास.

मला मनातून हसू आलं होतं ते तारांवरच्या विनोदाचं नव्हतं. डिप्लोमाला पहिल्या वर्गात पास झालेली मी, आणि हा साठीचा माणूस मला विजेतला रिपल कानानं मोजायला शिकवत होता!

हे सत्त्याऐंशी सालचं. मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत पोतदार साहेबांचा छोटा कारखाना होता. मूकबधिर मुलांच्या शाळांसाठी तिथे एक पेटी तयार व्हायची. बाईंच्या टेबलावर मायक्रोफोन आणि आठ मुलांच्या कानांवर आठ हेडफोन. ज्यांना थोडंफार ऐकू येतं अशा मुलांपर्यंत बाईंचा आवाज मोठा करून पोचवायचा, एवढंच तिचं काम. मी तिथे टेस्टिंगला लागले होते, सहा महिन्यांच्या बोलीवर. घरी वडिलांनी तेवढीच मुदत दिली होती. नोकरी पक्की झाली तर ठीक, नाहीतर कोल्हापूरचं स्थळ तयारच होतं.

दस्तगीर सतारमेकर हे सतारमेकर गल्लीतले. नाव आणि धंदा एकच. पण तरुणपणी त्यांना रेडिओचा नाद लागला आणि तिथून ते पोतदारांकडे आले. दिवसा कारखाना, संध्याकाळी घरच्या ओट्यावर जवारी. जवारी म्हणजे सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून तार बोलती करायची. एक केस जास्त घासलं गेलं तर तार मुकी होते, एक केस कमी पडलं तर ती नुसतीच कुरकुरते. ते काम हाताचं वाटतं, असतं कानाचं. पुण्या-मुंबईचे गवई आपले तंबोरे त्यांच्याकडे पाठवायचे.

भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. पेटीला लागते ती संथ वीज. ट्रान्सफॉर्मर, डायोड, कंडेन्सर आणि शेवटी तीन पायांचा रेग्युलेटर अशी वाट चालून ती संथ होते. तरी त्यातून थोडा हेलकावा उरतोच. त्याला आम्ही रिपल म्हणायचो, चाचा गुणगुण म्हणायचे. तो जास्त उरला की हेडफोनमध्ये सारखं घूंऽऽ वाजत राहतं. चाचा रेग्युलेटरवर पूर्ण लोड टाकायचे, स्वतः बांधलेला एक छोटा अँप्लिफायर मध्ये घालायचे आणि ऐकायचे.

“एवढा वेळ लागतो का चाचा एका पेटीला?” मी एकदा विचारलं होतं.

“पोरी, आपल्या रेडिओत गुणगुण आली तर आपण दुकानात जाऊन भांडतो. त्या पोरांना गुणगुण ऐकू आली तर ती कुणाला सांगणार? त्यांना वाटणार, जग असंच वाजतंय.”

मी मान डोलावली. पण मत बदललं नाही.

त्या वर्षी चाळीस पेट्यांची मोठी मागणी आली आणि कागदावर एक नवी अट होती. प्रत्येक पेटीच्या रेग्युलेटरचा रिपल पाच मिलिव्होल्टच्या आत हवा, आणि तो मोजून लेखी द्यायला हवा. खडूची रेघ चालणार नव्हती. पोतदार साहेबांनी पुण्याहून एक जुना स्कोप आणला, विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. हिरव्या पडद्याचा, दोन माणसांनी उचलायचा. तो चालवता येणारी कारखान्यात मी एकटीच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी मी दुपारच्या डब्याआधीच त्याची जोडणी करून मोकळी झाले.

स्कोपच्या प्रोबला एक सुई असते आणि तिच्यापासून निघालेली वीतभर तार, तिच्या टोकाला चिमटा. चिमटा पेटीच्या निगेटिव्हला लावला, सुई रेग्युलेटरच्या आउटपुटच्या पायावर टेकवली. मधली तार बाकावर ऐसपैस पडली होती. बाजूलाच बाकाचा काळा ट्रान्सफॉर्मर होता, सगळ्या टेबलाला वीज देणारा, कायम गरम आणि कायम चालू.

पडद्यावर लाट आली. मी चौकटी मोजल्या. बावीस मिलिव्होल्ट.

दुसरी पेटी घेतली. एकवीस. तिसरी बावीस. चौथी बावीस. चारींच्या पाठीवर चाचांची खडूची रेघ होती.

सगळ्या पेट्यांचा दोष इतका सारखा कसा, हा प्रश्न माझ्या डोक्यात यायला हवा होता. नाही आला. मला आनंद झाला, आज इतक्या वर्षांनी खोटं कशाला बोलू? मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांना घेऊनच आले.

साहेबांनी पडदा पाहिला आणि चाचांकडे वळले. “दस्तगीर, हे काय आहे?”

चाचा चष्मा पुसत जवळ आले. “काय दिसतंय त्यात?”

“गुणगुण दिसते चाचा,” मी म्हटलं. “पाचच्या आत हवी, ती बावीस आहे. तुम्ही पास केलेल्या चारही पेट्यांत.”

त्यांनी पडद्यावरची लाट बराच वेळ पाहिली. रागावले नाहीत. नवीन वाद्य पाहावं तसं पाहत होते. मग मला विचारलं, “वरची हाय का खालची?”

“म्हणजे?”

“गुणगुण. वरच्या सप्तकातली हाय का खालच्या?”

साहेब घड्याळ बघत होते. मी म्हणाले, “चाचा, यात वर-खाली काही नसतं. यात मिलिव्होल्ट असतात.”

“बरं,” ते म्हणाले.

त्यांनी आपला हेडफोन घेतला, पीळ दिलेल्या तारा त्याच पायाला जोडल्या, डोळे मिटले. जोडणीच्या बायकांनी हात थांबवले होते. चाचांनी हेडफोन काढला, झटकला, पुन्हा लावला. मग हेडफोनची उजवी बाजू डाव्या कानावर, डावी उजव्या कानावर अशी फिरवून लावली. शेवटी उतरवला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

“मला काय बी ऐकू येत न्हाई,” ते म्हणाले. “तू ऐक पोरी. तुझा कान कोवळा हाय.”

मी हेडफोन चढवला. समोर पडद्यावर लाट हलत होती. साहेब माझ्याकडे पाहत होते, बायका पाहत होत्या, आणि चाचा तर माझ्या तोंडाकडे असे पाहत होते की डॉक्टरकडे पेशंटनंसुद्धा पाहू नये. मी ऐकलं. काही होतं का? लाट दिसत होती म्हणजे आवाज असणारच. नसून कसं चालेल?

“येतंय चाचा,” मी म्हणाले. “बारीक आहे, पण येतंय.”

त्यांनी हळूच मान हलवली.

“मग माझा कान गेला,” ते म्हणाले.

“अहो, एकदम असं कसं म्हणता?” साहेब म्हणाले. “वय झालं की थोडं व्हायचंच. आता मोजमाप ही कुंदा करील, तुम्ही जोडणीकडे लक्ष द्या.”

“न्हाई साहेब. ह्या आधीच्या पेट्या बी मीच पास केल्यात. सात वर्षांच्या. किती पोरांच्या कानात मी घूं घातली आसंल, अल्ला जाणे.” त्यांनी हेडफोनच्या तारा गुंडाळून ठेवल्या. “हे यंत्र काय माझं वैरी न्हाई, आन ही पोर बी न्हाई. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

दुपारी ते जेवले नाहीत. डबा सायकलला लावून निघून गेले. दारात थांबून मला म्हणाले, “बरं केलंस वेळेवर सांगितलंस. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.”

हे वाक्य मी खूश होऊन घरी नेलं, वडिलांना सांगितलं. वडील पहिल्यांदाच म्हणाले, “बघू या, कोल्हापूरकरांना थोडं थांबवू.”

चाचा पुन्हा कामावर आले नाहीत. पुढचे अठरा दिवस मी त्या गुणगुणीच्या मागे लागले. कंडेन्सर दुप्पट केले. लाट तशीच. रेग्युलेटर बदलले, दुसऱ्या गावाहून मागवून बदलले. बावीस. एका पेटीचे तर सगळे भाग नवे घातले, पेटीचं फक्त झाकण जुनं राहिलं. एकवीस. साहेब रोज सकाळी येऊन “सापडलं का?” विचारायचे. आधी हौसेनं विचारायचे, मग नुसतंच विचारायला लागले. बायका माझ्या टेबलापाशी आल्या की गप्प व्हायच्या. त्यांच्यातली एक म्हणाली होती, “चाचा असते तर एव्हाना शोधलं असतं.” मला ते झोंबलं.

एकोणिसाव्या दिवशी, चहाच्या सुट्टीआधी, मी एका पेटीचा प्लग काढला. प्रोब लावलेलाच राहिला होता. पेटी बंद झाली, तिचा लाल दिवा विझला. मी चहाला उठणार, तेवढ्यात पडद्याकडे नजर गेली.

लाट तिथेच होती. बावीस.

पेटीत वीजच नव्हती, आणि पेटीची गुणगुण चालू होती.

मी खाली बसले. चिमट्याची तार बाकावर त्या काळ्या ट्रान्सफॉर्मरला लागून पडली होती, कमान करून. मी ती दोन बोटांनी उचलली. लाट अर्धी झाली. तार प्रोबभोवती गुंडाळली, वेणीसारखी. लाट गेली. पडद्यावर नुसती रेघ राहिली, खडूनं ओढल्यासारखी.

मग मी लाटेचं माप पुन्हा काढून पाहिलं. मापं मी लिहून ठेवली होती, प्रत्येक पेटीची, सुवाच्य अक्षरात. एका लाटेला वीस मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला पन्नास. भिंतीतल्या विजेचा मूळ हेलकावा. पण डायोडमधून जाताना तो दुप्पट होतो, शंभर होतो. गुणगुण रेग्युलेटरची असती तर शंभराची असायला हवी होती. पन्नासचे शंभर झाले की सूर एक सप्तक वर चढतो. हे मला परीक्षेत सोळा गुणांना आलं होतं. चाचांनी एका वाक्यात विचारलं होतं, वरची हाय का खालची. खालची होती. म्हणजे बाहेरची होती, त्या काळ्या ट्रान्सफॉर्मरची.

आणि मला ‘ऐकू आली’ होती ती? ती कुठेच नव्हती.

त्या संध्याकाळपर्यंत मी चाळीसच्या चाळीस पेट्या मोजल्या. एकही दोन मिलिव्होल्टच्या वर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, “सापडलं?”

“हो सर.”

“काय होतं?”

उत्तर तोंडात होतं. तीन शब्दांचं होतं: माझी चूक होती. मी साहेबांच्या टेबलावरचा पेपरवेट पाहत म्हणाले, “कंडेन्सर, सर. बदलले. आता सगळ्या पाचच्या आत आहेत.”

“शाबास!” ते उठूनच उभे राहिले. “मला वाटायला लागलं होतं, मुलगी घेतली हीच चूक केली की काय. उद्या तुझं पक्कं झाल्याचं पत्र देतो.”

“सर, दस्तगीरचाचांना परत...”

“त्यांना आता कशाला त्रास? ते स्वतःहून गेलेत. समजूतदार माणूस.”

पत्र मिळालं. घरी साखरेचा शिरा झाला. मला रात्री घास उतरेना तेव्हा आई म्हणाली, आनंदानं होतं असं. मी ठरवलं, रविवारी जायचं. साहेबांना सांगितलं नाही तरी चालेल, जगाला सांगितलं नाही तरी चालेल. चाचांना सांगायचं. त्यांचा कान त्यांना परत द्यायचा. त्यासाठी काही माझी नोकरी जाणार नव्हती.

त्यांना मी त्यानंतर एकदाच भेटले, ती ही भेट. पुढे ते तीन वर्षं जगले. मी गल्लीच्या तोंडावरून अनेकदा गेले, आत वळले नाही.

सतारमेकर गल्लीत सकाळचं कोवळं ऊन होतं. ओट्यांवर तंबोऱ्यांचे भोपळे वाळत पडले होते. चाचांच्या ओट्यावर त्यांचा पुतण्या इर्शाद तंबोऱ्याची तार लावत बसला होता.

“चाचा आत हायत,” तो म्हणाला. “तुमी कारखान्यातल्या बाई ना? बोला जरा त्यांच्याशी. जवारीला हात लावंनात. कानस मला देऊन टाकली. मला कुठं येतीया ती? परवा मुंबईचा तंबोरा आला, तसाच परत धाडला. आख्खी गल्ली समजावून थकली.”

“काय म्हणतात?”

“म्हणत्यात, कारखान्यात यंत्रानं दाखवलं. दुसऱ्याच्या वाद्याला हात लावायचा मला आता हक्क न्हाई.”

आत चाचा चटईवर बसून भोपळ्याच्या बिया निवडत होते. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला. “आगं, तू! बस, बस.” आत वळून चहा सांगितला. जरा वाळले होते. मला त्यांच्याकडे बघवेना. मी चटईच्या काडीशी चाळा करत, मान खाली घालून, जे पाठ करून आले होते ते सगळं एका दमात सांगून टाकलं. चिमट्याची तार, काळा ट्रान्सफॉर्मर, बंद पेटी. पेट्या पहिल्यापासून चांगल्या होत्या. तुमचा कान खरा होता. मला काही ऐकू आलं नव्हतं चाचा, मी खोटं बोलले. मी अगदी हलक्या आवाजात बोलत होते. संपल्यावर मी वर पाहिलं.

ते हसत होते. प्रेमानं, तसेच.

“थांब हां,” ते म्हणाले आणि कानाला हात लावला. कानातून कापसाचा बोळा निघाला. मग दुसऱ्या कानातून दुसरा. “कापूस घालून बसतो दिवसभर. काय म्हणालीस? मोठ्यानं बोल.”

“कापूस कशाला चाचा?”

“इर्शाद तार लावतो. मला ती खोटी लागल्यावानी वाटती. त्याला टोकायला तोंड उघडतो, आन आठवतं, खोटी तार न्हाई, खोटा कान. पोराचा हात बिघडायचा माझ्यापायी. खोटं ऐकण्यापरास न ऐकलेलं बरं.”

बाहेर इर्शादनं तार छेडली. चाचांच्या भुवया एकदम आकसल्या, खडा चावल्यासारखा चेहरा झाला. लगेच ते ओशाळं हसले.

“बघ. आत्ता बी उतरल्यासारखी वाटली. सवय जात न्हाई. हां, बोल, काय सांगत हुतीस?”

आता त्यांचे दोन्ही कान मोकळे होते. ते पुढे झुकून बसले होते. मघाशी जे मान खाली घालून बोलले ते आता डोळ्यांत बघून बोलायचं होतं, मोठ्यानं. इर्शादला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आतल्या चाचींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. उद्या गल्लीत होईल, परवा कारखान्यात होईल. पर्समध्ये ते पत्र अजून होतं.

“काही नाही चाचा,” मी म्हणाले. “पेट्या गेल्या शाळांना, ते सांगायला आले. गुणगुण गेली.”

“समदी गेली?”

“सगळी गेली.”

“एकदम?”

“हो चाचा. पाचच्या आत.”

त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. “मग झालं. पोरांचं भलं झालं. मला लई घोर हुता त्याचा.” आणि दोन्ही बोळे बोटांनी नीट वळून, एकेक करून, परत कानांत घातले.

बाहेर तार पुन्हा वाजली आणि थांबली. “च्यायला, उतरलीच हुती की,” इर्शाद स्वतःशीच म्हणाला, आणि खुंटी पिळल्याचा आवाज आला.

तो मी ऐकला. चाचांनी चहाची बशी माझ्यापुढे सरकवली.

“घे पोरी,” ते म्हणाले. “गार होतोय.”